टोचन

उसाच्या हंगामात रात्री मोहोळहून सोलापूरकडे येताना ट्रॅक्टर आधी दिसत नाही. आधी दिसते रस्त्यावरून सरकणारी एक काळी भिंत. जवळ गेल्यावर कळतं, की उसानं काठोकाठ भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्यात, मागच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर चिखलानं बुजलाय आणि तिचं बूड सावकाश डावी-उजवीकडे डुलतंय. पुढच्या चालकाला ते डुलणं दिसत नाही. त्याला फक्त मागची ओढ जाणवते.

साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, त्यामुळे एका वाहनानं दुसरं ओढणं हे इथलं रोजचं दृश्य. त्याला शब्दही आपला आहे: टोचन. ‘टो-चेन’चं ते रूप असावं, पण आता तो शब्द मराठी गॅरेजांचाच झालाय. ‘गाडी टोचन करून आणली’ असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा पुढचं सगळं त्यात येतं: गाडी कुठे बंद पडली, कुणी दोर दिला, मागच्या गाडीत कोण बसलं.

आता प्रश्न असा. घरात एकच एसयूव्ही घ्यायची आहे. सोमवार ते शनिवार ती होटगी रोडवरून ऑफिसला जाणार, नवी पेठेत जागा शोधत फिरणार, मुलांना शाळेत सोडणार. रविवारी शेतावर. कधी तुळजापूर, कधी अक्कलकोट, आषाढीच्या आधी पंढरपूर. आणि तिच्यामागे कधी तरी ट्रेलर लागणार, डाळिंबाच्या क्रेटचा असो की तंबू-गाद्यांचा. कधी ती स्वतःच दुसऱ्या वाहनामागे जाणार. अशी गाडी कशी निवडायची? शोरूममधला माणूस सनरूफ दाखवतो, पडदा किती इंचांचा ते सांगतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र गाडीच्या पोटाखाली आहे.

ज्या देशात हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, तिथूनच सुरुवात करू. अमेरिकेत निवृत्त जोडपी बसएवढ्या फिरत्या घरात महिनोन्‌महिने प्रवास करतात. मुक्कामी पोचल्यावर ते अवजड घर घेऊन भाजीला जाणं शक्य नसतं, म्हणून त्यामागे एक छोटी गाडी चारही चाकांवर लोळवत नेतात. मोठ्या गलबतामागे बांधलेल्या होडीवरून तिला ‘डिंगी’ म्हणतात. या कामासाठी सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे जीप रँग्लर. कारण तिची ताकद नव्हे. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे इंजिनची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत, खरा न्यूट्रल आहे. तो टाकला की चाकं, अॅक्सल आणि लांब शाफ्ट फिरतात, पण गिअरबॉक्सपर्यंत काहीच पोचत नाही. तो शांत पडून राहतो. शेकडो किलोमीटर ओढली तरी गिअरबॉक्सच्या आतलं एक चाकसुद्धा झिजत नाही.

हे यंत्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण टोचनमध्ये बरबाद होणाऱ्या गाड्यांचं मूळ इथंच आहे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकं मात्र रस्त्यावर फिरताहेत, अशी स्थिती आली की आतले भाग फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. दहा-पंधरा किलोमीटर अंतर वेगात ओढलं तर आतल्या प्लेटा जळू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी दुरुस्त होऊन घरी येते आणि महिनाभरानं दुसऱ्या गिअरला झटका द्यायला लागते. मालक म्हणतो, बिघाड इंजिनमध्ये होता, गिअरबॉक्स कसा गेला? तो टोचनमध्ये गेला.

मॅन्युअल गाडी तुलनेनं सुरक्षित, पण तिच्याबद्दलही ‘न्यूट्रल टाका आणि ओढा’ असं सरसकट म्हणू नये. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत मोठं क्राऊन व्हील चाकांबरोबर फिरतं आणि तेल उडवत राहतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही गाड्यांत तेल उडवण्याचं काम खालचा शाफ्ट करतो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन बंद असताना तो शाफ्ट थांबलेला असतो. वरचा शाफ्ट कोरडा फिरतो. म्हणून कंपन्या अंतराची आणि वेगाची मर्यादा घालतात. इलेक्ट्रिक गाडी तर मुळीच लोळवू नये. चाकं फिरली की तिची मोटर जनित्र बनते, वीज तयार होते आणि कुणी लक्ष देत नसताना उष्णता साठते. तिला सपाट पाट्याच्या रिकव्हरी गाडीवर चढवूनच न्यायचं. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ठेवणं हीसुद्धा अशीच चूक. पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगानं फिरले की मधली कपलिंग तापते.

मग सोलापुरात आपणही रँग्लरसारखी गाडी घ्यावी आणि फिरत्या घरामागे लोळवत कोकणात न्यावी का? फिरती घरं आपल्याकडे नाहीत असं नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, छोट्या बसच्या सांगाड्यावर बांधलेली कॅराव्हॅन भाड्यानंही मिळते. रँग्लरही आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात २०२१ पासून जुळवली जाऊ लागली. अडचण कायद्याची आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, की ओढलं जाणारं वाहन एक तर बिघडलेलं किंवा अर्धवट जुळवलेलं असावं, नाही तर तो नोंदणी केलेला ट्रेलर किंवा साइडकार असावी. अपवाद फक्त वाहन पोचवण्याचा किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत, पेट्रोल पंपापर्यंत नेण्याचा. दोन वाहनांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना ठळक दिसली पाहिजे. मागे पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं. वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा, असंही त्यात होतं. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण टोचन ही गरजेपुरती, थोड्या अंतराची आणि सावकाश करायची गोष्ट आहे, हा विचार कायम आहे.

थोडक्यात, चांगली चालती गाडी हौसेनं लोळवत नेण्याला आपल्याकडे जागा नाही. ती न्यायची तर नोंदणी केलेल्या ट्रेलरवर चढवून. दीड टनाची गाडी, वर ट्रेलरचं वजन. छोट्या बसच्या सांगाड्यावरची कॅराव्हॅन हे ओझं घेऊन घाट चढेल अशी अपेक्षा मी करणार नाही. म्हणून इथल्या कुटुंबासाठी प्रश्न उलटा मांडावा हे बरं: घर मागे, एसयूव्ही पुढे. रोजची गाडी छोटा ट्रेलर ओढू शकेल का, आणि बंद पडल्यावर तिला न मोडता घरी आणता येईल का?

ओढण्याची गोष्ट निघाली की बहुतेकजण हॉर्सपॉवर विचारतात. आमच्या भागातल्या जुन्या गाडीवानाला विचारलं असतं तर त्यानं वेगळाच प्रश्न केला असता: गाडी उलाळ तर नाही ना? बैलगाडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरचा भार नाहीसा होतो आणि चढावर गाडी मागे कलंडते. त्याला गाडी उलाळणं म्हणतात. माल फार पुढे भरला तर जू मानेत रुततं आणि बैल बसतात. चांगला गाडीवान पोती भरताना दांडी हातानं उचलून पाही. मानेवर थोडा भार हवा, पण थोडाच.

गाडीमागच्या ट्रेलरचं शास्त्र नेमकं हेच आहे. ट्रेलरची दांडी गाडीच्या हुकवर जो भार टाकते, तो अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात. ६०० किलोचा भरलेला ट्रेलर असेल तर हुकवर ६० ते ९० किलो. मागे माल जास्त भरला आणि हा भार कमी झाला, की एका ठरावीक वेगानंतर ट्रेलर डुलायला लागतो. एक ट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा झोत आला, एवढं निमित्त पुरतं. प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. त्या क्षणी करकचून ब्रेक मारू नये, स्टिअरिंगनं विरुद्ध झटकेही देऊ नयेत. पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. मोहोळच्या रस्त्यावर डुलणारी ती मागची ट्रॉली ताशी वीसच्या वेगात असते म्हणून निभावतं. तोच डोल ताशी ऐंशीला आला तर निभावत नाही.

हा भार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर भरून उभा करायचा, दांडीखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली धान्याचा वजनकाटा, दोन्ही मिळून हुकच्या उंचीएवढे. आकडा कमी आला तर दोन क्रेट पुढे सरकवायचे, जास्त आला तर मागे. दहा मिनिटांचं काम आहे. आणि तो भार गाडीत बसलेल्या माणसांसारखाच मोजायचा. पाच जण, डिकीत सामान आणि वर ऐंशी किलो हुकवर, म्हणजे मागचे पाटे किंवा स्प्रिंग दबणार, पुढची चाकं हलकी होणार आणि स्टिअरिंग पोकळ लागणार.

हा सगळा ताण ज्यावर येतो तो सांगाडा. इथे एसयूव्हीच्या दोन जाती आहेत, आणि जाहिरातीत त्या सारख्याच दिसतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर या चासीच्या गाड्या: खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा, वर बॉडी. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, एक्सयूव्ही ७०० या मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. नावावर विसंबू नका. टाटा सफारी १९९८ मध्ये आली तेव्हा चासीची होती. २०२१ मध्ये तेच नाव घेऊन आलेली सफारी मोनोकॉक आहे. इनोव्हा क्रिस्टा चासीची आणि मागच्या चाकांवर चालणारी. इनोव्हा हायक्रॉस मोनोकॉक आणि पुढच्या चाकांवर चालणारी. मोनोकॉक गाडी ओढू शकत नाही असं नाही, युरोपात अशाच गाड्या ट्रेलर ओढतात. पण तिथे हूक कुठे बसवायचा, किती वजन चालेल, हे कंपनी ठरवून लिहून देते. आपल्याकडे जाहिरातीत मायलेज छापतात, ओढण्याची क्षमता बहुधा छापत नाहीत. वेल्डरकडून बंपरच्या पत्र्याला जोडलेला हूक म्हणजे ट्रेलर सुटण्याची तयारी. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं बंधनं आहेत. हूक बसवण्याआधी कंपनीकडून लेखी विचारा, आणि ट्रेलरची नोंदणी करा: सोलापुरात एमएच-१३, अकलूजकडे एमएच-४५.

मागच्या चाकांना शक्ती मिळणारी गाडी ओढण्यात वरचढ ठरते, कारण हुकवरचा भार त्याच चाकांवर पडतो आणि पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नेमकी उलट, भार मागे आला की ओढणारी चाकं हलकी होतात. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर हा फरक पहिल्या पन्नास फुटांत कळतो.

आता ताकद. बोलेरोचं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन फक्त ७५ बीएचपीचं आहे, पण त्याचा २१० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० फेऱ्यांपासूनच मिळायला लागतो. थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन-मीटर. भरलेला ट्रेलर जागेवरून हलवायला हा खालचा टॉर्क लागतो, वरच्या फेऱ्यांमधली हॉर्सपॉवर नव्हे. क्लच अर्धवट दाबून चढावर ट्रेलर हलवणाऱ्यांच्या क्लच प्लेटा लवकर जातात. इथे टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक गाडी खरोखर चांगली, तिच्यात घासून झिजणारा क्लच मध्ये नसतो आणि सुटताना टॉर्क वाढून मिळतो. म्हणजे ऑटोमॅटिक ओढायला चांगली, ओढवून घ्यायला वाईट. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी निवड झाली.

पण सोलापूरची खरी कसोटी उष्णता. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो. सोलापूरहून तुळजापूर जेमतेम ४५ किलोमीटर, पण तामलवाडी सोडल्यावर पुढे बालाघाटाचा चढ लागतो. दुपारी दोनला, एसी लावून, मागे ट्रेलर घेऊन, टॉप गिअरला रेटत घाट चढला तर तापमानाचा काटा तुमच्या डोळ्यांदेखत वर जाईल. एक गिअर खाली घ्यायचा, फेऱ्या वाढू द्यायच्या म्हणजे पाण्याचा पंपही जोरात फिरतो, आणि काटा तरीही चढला तर एसी बंद. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. सोलापूरचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचा क्षार नळ्यांमध्ये बसतो आणि तोच पुढच्या उन्हाळ्यात इंजिन तापवतो. गाडी घेताना कूलंट बदलण्याची मुदत विचारणारा ग्राहक मला सनरूफ विचारणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो.

घाट उतरताना परीक्षा ब्रेकची. ताशी ६० वरून ८० वर गेलं की वेग एक तृतीयांशानं वाढतो, पण थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. त्यात ट्रेलरचे आठशे किलो मिळवले की गाडीच्या डिस्क एकट्यानं दोन वाहनं थांबवत असतात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्याच ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. आपणही तीच रेघ मानावी.

रोजच्या वापराकडे वळलं की चित्र बदलतं, आणि इथे माझं मत काहींना आवडणार नाही. चासीची गाडी सात रस्त्यावरच्या खड्ड्यांत बळकट वाटते, पण उसळते, वळणात कलते आणि मागच्या सीटवरच्या आजीची पाठ दुखवते. डिझेलची वेगळी अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. ती काजळी जाळून टाकायला इंजिन सलग, चांगलं तापून चालावं लागतं. घर ते ऑफिस चार किलोमीटर, परत चार, अशा वापरात ती जळत नाही, साठते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमची गाडी आठवड्यातून एकदाही पंढरपूर किंवा अक्कलकोटच्या रस्त्यावर मोकळी धावणार नसेल, तर डिझेलच्या मोहात पडू नका.

करही निवड वाकवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांना ४०. यात एक सापळा आहे. नाशिकला बनणारी तीन दरवाजांची थार दोन प्रकारांत आली. २०२० ची फोर-बाय-फोर, २.२ लिटर डिझेलची. तिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो आणि त्यावर २एच, ४एच, एन, ४एल लिहिलेलं असतं. त्यातला ‘एन’ म्हणजे रँग्लरवाल्यांचा तोच न्यूट्रल. २०२३ मध्ये आलेली, दीड लिटर डिझेलची, मागच्या चाकांवरची थार कमी करात बसते. बाहेरून तीच गाडी, पण तो छोटा दांडाच नाही. चिखलातून निघायचं आणि बिघडल्यावर सुखरूप ओढून यायचं, ही दोन्ही कामं त्या दांड्यात होती.

मग घ्यायची कोणती? महिन्यातून दोन-चारदा खरोखर ट्रेलर ओढायचा असेल, शेतापर्यंत डांबर नसेल, तर चासीची, मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल डिझेल. बोलेरोच्या घरातली, पैसे असतील तर स्कॉर्पिओच्या घरातली. वाट फारच वाईट असेल तर फोर-बाय-फोर. पण वर्षातून दोनदाच ओढायचं असेल, तर त्या दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस हादरे खाऊ नका. मोनोकॉक पेट्रोल गाडी घ्या, घरच्यांना सुखानं बसू द्या आणि त्या दोन दिवशी छोटा हत्ती भाड्यानं सांगा.

कुठलीही घेतली तरी ती एक दिवस रस्त्यात थांबणार आहे. त्या दिवसाची तयारी आजच करा. अनेक गाड्यांच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं, त्यामागे आटे असलेलं भोक असतं, आणि त्यात फिरवून बसवायचा लोखंडी डोळा स्टेपनीशेजारी, जॅकच्या पिशवीत असतो. अनेक मालकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून दोर बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांडीला बांधला जातो आणि दुसरंच काही तरी तुटतं. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. मागच्या गाडीत बसणाऱ्याला हे आधी सांगा. किल्ली ‘ऑन’वर ठेवा, नाही तर स्टिअरिंगला कुलूप बसेल. दोर ताणलेला असताना त्यावरून कुणालाही ओलांडू देऊ नका.

आणि एक विनंती. बुकिंगचे पैसे भरण्याआधी शोरूममध्ये त्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल मागा आणि ‘टोइंग’चं पान तिथेच उभ्या उभ्या वाचा. चारही चाकांवर ओढता येते का, किती वेगानं, किती अंतर, ट्रेलर लावायला परवानगी आहे का, हे सगळं त्या पानावर असतं. त्या पानाचा फोटो काढा, प्रिंट घ्या आणि गाडी घरी आली की कागदपत्रांच्या पाकिटात आरसीच्या मागे ठेवा.